भरतीच्या वेळेवर चालणारे घर : दापोलीच्या किनाऱ्यावर कॅम्परव्हॅनने फिरणाऱ्या दांपत्यांसाठी मार्गदर्शन

ज्या मोटारवाहनात निजण्याची, स्वयंपाकाची, पाणी साठविण्याची आणि किमान विजेची सोय कायमची बसविलेली असते, त्यास कॅम्परव्हॅन म्हणतात. शासकीय व्यवहारात अशा वाहनांसाठी ‘कॅराव्हॅन’ हा शब्द अधिक रूढ आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले, तेव्हापासून या प्रवासप्रकाराला राज्यात औपचारिक मान्यता लाभली, आणि स्वतःचे वाहन सजवून किंवा भाड्याने घेऊन कोकणात उतरणाऱ्या दांपत्यांना रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याचा किनारा विशेष खुणावू लागला. उत्तरेस केळशीपासून दक्षिणेस दाभोळपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात लांब पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, त्यांना तोडणाऱ्या खाड्या, कड्यांवरची देवळे आणि समुद्राच्या काठापर्यंत आलेली नारळ-पोफळीची आगरे एकामागून एक येतात, आणि अनेक ठिकाणी मैलभर चालूनही माणूस दिसत नाही.

याच निर्जनतेमुळे मोठा गैरसमज होतो. मोकळा दिसणारा किनारा कोणाचाच नाही, तेथे वाहन कोठेही नेता येते व कोठेही मुक्काम करता येतो, असे नवख्या प्रवाशास वाटते. वास्तविक दापोलीच्या किनाऱ्याचा प्रत्येक टप्पा कोणाच्या ना कोणाच्या राबत्यातला आहे, मग ती होडी ओढण्याची जागा असो, आगराची हद्द असो, गावाची स्मशानभूमी असो की कासवाचे घरटे असो. त्यामुळे या प्रवासाचे यश वाहनाच्या किमतीवर फारसे अवलंबून नसते. भरतीची वेळ ओळखणे, परवानगी विचारणे आणि चाके वाळूच्या अलीकडे थांबविणे या तीन सवयी ज्या दांपत्यास लागतात, त्यास हा किनारा आपलासा करतो. पुढील विवेचन या तीन सवयींभोवती रचलेले आहे.

वाहन आणि कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत परवानगीविना बदल करता येत नाही. घरच्या व्हॅनमध्ये सुटी गादी, पेटी आणि शेगडी ठेवणे वेगळे, आणि आसने काढून पलंग, ओटा व पाण्याची टाकी पक्की बसविणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून बदलाची रीतसर नोंद करून घ्यावी लागते, अन्यथा अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. भाड्याने स्वतः चालविण्यासाठी घेतलेल्या वाहनास काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. खासगी पांढऱ्या पाटीचे वाहन भाड्याने देणे नियमबाह्य असल्याने, स्वस्त मिळते म्हणून ते घेण्याचा मोह टाळावा.

आकाराच्या बाबतीत कोकणातील गावे स्वतःच मर्यादा घालून देतात. केळशी, आंजर्ले, मुरुड, कोळथरे अशा गावांतील अंतर्गत रस्ते जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून, म्हणजे चुन्याविना रचलेल्या कुंपणभिंतींमधून जातात, आणि समोरून एसटी आली तर दोहोंपैकी एका वाहनास मागे सरावे लागते. त्यावर माडांच्या झुकलेल्या झावळ्या आणि खाली आलेल्या विजेच्या तारा यांचा अडथळा असतो. म्हणून बसएवढ्या वाहनापेक्षा मध्यम उंचीची व्हॅन येथे अधिक उपयोगी पडते, आणि निघण्यापूर्वी छतावरील सौरपट्टीसह वाहनाची एकूण उंची मोजून ती चालकासमोर लिहून चिकटविणे हे लहानसे काम पुढे मोठा खर्च वाचविते.

हंगामाची निवड

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल होय. दापोली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंचीवर असल्याने थंडीत तेथील रात्री गार असतात, तर खाली किनाऱ्यावर हवा सौम्य राहते. त्यामुळे वातानुकूलनाविना व्हॅनमध्ये झोपणे शक्य होते. मार्चपासून दमट उष्मा वाढतो आणि धातूच्या पत्र्याखाली रात्र काढणे कठीण होऊ लागते. फाल्गुनातील शिमग्यात गावोगाव पालख्या निघतात आणि चाकरमानी घरी परततात, तेव्हा अरुंद रस्त्यांवर पाहुण्यांच्या वाहनास जागा नसते. त्या दिवसांत यायचे झाल्यास आधी गावात विचारून यावे. जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात समुद्र खवळलेला, पुळणी अरुंद आणि घाटरस्ते दरडींच्या छायेत असतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीसही शासनाची बंदी असते, आणि ज्या समुद्रापासून कोळी स्वतः दूर राहतो त्याच्या काठावर पाहुण्याने वाहनात निजणे शहाणपणाचे नाही. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून टाकल्या होत्या. त्यामुळे हंगाम चांगला असला तरी हवामान विभागाचा इशारा रोज पाहण्याचा नेम ठेवावा.

भरती-ओहोटीचे गणित

या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येत असल्याने तिची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक उतरते, त्या भरतीस उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार सर्वांत कमी असतो, त्यास भांग म्हणतात.

भरतीचे छापील किंवा भ्रमणध्वनीवरील वेळापत्रक उपलब्ध असले तरी कोकणातील जुना हिशेब प्रत्येक दांपत्याने शिकून घ्यावा, कारण तो भ्रमणध्वनीचे जाळे नसलेल्या जागीही चालतो. चालू तिथीस पाऊणने गुणले असता पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीस चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, अर्थात पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तेथून सव्वासहा तासांनी, म्हणजे सव्वानऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीस भरती सहाला येते, पौर्णिमेस सव्वाअकराला. स्थळपरत्वे अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडू शकत असल्याने हा हिशेब अंदाजासाठी वापरावा आणि नेमकी वेळ गावातील मच्छीमारास विचारून घ्यावी.

या गणितातच वाहने समुद्रात अडकण्याचे कारण दडलेले आहे. पौर्णिमेच्या दिवशी सायंकाळी पाचसाडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते, आणि ती उधाणाची असल्याने पाणी फार दूर गेलेले असते. नेमके त्याच वेळी सूर्यास्त पाहण्यास पर्यटक किनाऱ्यावर येतात. समोर कर्दे गावच्या किनाऱ्यासारखी रुंद, सपाट, ओली आणि टणक भासणारी पुळण पसरलेली असते, वाहन सहज आत जाते, चंद्र उगवतो, जेवण होते, आणि मध्यरात्रीच्या आधी महिन्यातील सर्वांत उंच भरतींपैकी एक त्याच जागेवर येऊन पोहोचते. ओली वाळू टणक असते ती तिच्या कणांना थोडेसे पाणी धरून ठेवते म्हणून; पाणी खालून वर चढू लागले आणि कणांमधील सर्व पोकळी भरली की कण एकमेकांपासून सुटतात, आणि फिरणाऱ्या चाकाच्या थरथरीने ती वाळू पातळ लगद्यासारखी वागू लागते. अशा वेळी चालकाने जोर लावला की चाक आणखी खाली जाते. ट्रॅक्टर येईपर्यंत लाटा इंजिनापर्यंत आलेल्या असतात, आणि एकदा खारे पाणी विजेच्या तारांत शिरले की ते वाहन पूर्वीसारखे होत नाही.

तेव्हा नियम एकच : चाके डांबरी रस्त्यावर किंवा गावाने ठरविलेल्या वाहनतळावरच थांबावीत, आणि पुळणीवर केवळ पावले जावीत. यास कायद्याचाही आधार आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार वाळूच्या टेकड्या आणि कासवांची विणीची ठिकाणे सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतात, आणि किनाऱ्यावर वाहने घालणाऱ्यांवर कोकणात पोलीस कारवाईही होत असते.

मुक्कामाची जागा

शासनाच्या धोरणात कॅराव्हॅन पार्कची, म्हणजे वाहनतळ, पाणी, वीज व स्वच्छतागृह यांनी युक्त अशा मुक्कामस्थळाची कल्पना मांडलेली आहे. तथापि दापोलीच्या किनाऱ्यावर बहुतांश वेळा मुक्कामाचा खरा आधार हा घरगुती निवासाच्या अंगणाचाच असतो. मुरुड, कर्दे, लाडघर, आंजर्ले, केळशी येथे अनेक कुटुंबे पाहुण्यांची सोय करतात. त्यांच्या आवारात वाहन उभे करून झोपायचे, स्नानगृह व विजेची जोडणी वापरायची आणि दोन वेळचे जेवण त्यांच्याकडे घ्यायचे, असा व्यवहार आधी दूरध्वनीवर ठरवून घेतल्यास दोन्ही बाजूंचे समाधान होते. जेवण सांगताना एक दिवस आधी सांगावे, कारण उकडीचे मोदक, घावन वा फणसाची भाजी ही घरची माणसे ताजी करून वाढतात. आयत्या वेळी मागण्याची ती वस्तू नाही.

घराच्या आवाराबाहेर थांबायचे झाल्यास ग्रामपंचायतीची किंवा जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी आणि गावच्या पोलीस पाटलास, म्हणजे गावपातळीवर पोलिसांना साहाय्य करणाऱ्या मानधनी अधिकाऱ्यास, कल्पना द्यावी. ‘दादा, गाडी रात्रभर इथे लावली तर चालेल का, सकाळी सातला निघू’ इतके स्पष्ट विचारल्यास बहुधा होकार मिळतो, आणि नकार मिळाला तरी त्यासोबत अधिक चांगल्या जागेचा पत्ता मिळतो. पती-पत्नी दोघांचीही ओळखपत्रे हाताशी असावीत.

जागा निवडताना तीन गोष्टी टाळाव्यात. पहिली, माडाची सावली : दुपारी ती सुखद वाटते, परंतु सुटलेला नारळ किंवा वाळलेली झावळी पंचवीस-तीस फुटांवरून पडली तर काच आणि सौरपट्टी दोन्ही जातात. दुसरी, खाडीकाठची सखल जागा, जेथे उधाणाचे पाणी रस्त्यावर येते. मागील उधाणाची खूण म्हणून जमिनीवर सुकलेल्या काड्या, शेवाळ आणि शिंपल्यांची एक रेषा दिसते, तिच्या बरेच वर राहावे. तिसरी, सड्यावरील, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावरील, एकाकी जागा : तेथे वाऱ्यास आडोसा नसतो, आणि कातळाच्या फटींत फुरसे हा छोटा परंतु अतिविषारी साप आढळतो. रात्री वाहनाबाहेर पाऊल टाकताना विजेरी व बंद बूट हवेत, आणि बूट रात्री आत ठेवावेत. सर्पदंश झाल्यास मांत्रिक, चिरा देणे, आवळपट्टी यांत वेळ न दवडता दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघावे.

पाणी, वीज, इंधन आणि मैला

दोन माणसांना पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला सुमारे दहा लिटर, भांडी व हातपाय धुण्यास आणखी दहा लिटर आणि बादलीने आटोपशीर स्नानास वीस लिटर पाणी लागते, म्हणजे एकूण चाळीस लिटर. ऐंशी लिटरची टाकी दोन दिवस पुरते खरी, परंतु तिचे ऐंशी किलो वजन चढावर जाणवते. म्हणून स्नान यजमानांच्या घरी करून टाकी पिण्यासाठी राखावी. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होते, त्यामुळे टाकी शक्यतो गावाच्या वरच्या बाजूच्या नळावर किंवा दापोलीत भरावी.

विजेचा हिशेब कागदावर केल्याशिवाय शीतकपाट घेऊ नये. १२.८ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी १,२८० वॅट-तास ऊर्जा साठविते, आणि तिच्यातील सुमारे हजार वॅट-तास वापरणे सुरक्षित असते. पंचेचाळीस वॅटचे छोटे शीतकपाट दमट हवेत निम्मा दिवस चालू राहिले तर ५४० वॅट-तास खाते. पंचवीस वॅटचा पंखा आठ तासांत २००, दिवे ४० आणि भ्रमणध्वनी ५०, अशी बेरीज ८३० होते. म्हणजे केवळ साठ्यावर एक पूर्ण दिवस व वर थोडे तास निघतात. छतावरील २०० वॅटची सौरपट्टी निरभ्र हिवाळी दिवशी यातील मोठा वाटा भरून काढते, परंतु वाहन सावलीत असेल तर तिचा उपयोग नाममात्र उरतो. आणि या प्रवासात रोजचे अंतर कमी असल्याने चालत्या इंजिनावरही बॅटरी फारशी भरत नाही. विजेवरची शेगडी दीड हजार वॅट घेत असल्याने ती अशा बॅटरीवर तासभरसुद्धा टिकत नाही, हे लक्षात ठेवून स्वयंपाकासाठी पाच किलोची लहान गॅसटाकी वापरावी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. म्हणून हवेची झडप वाहनाच्या तळाशी असणे आवश्यक आहे, शेगडी चालू असताना खिडकी उघडी हवी, आणि झोपताना टाकीची कळ बंद केली की नाही हे दोघांनीही स्वतंत्रपणे पाहावे.

सांडपाणी व मैला हा विषय संकोचाने टाळला जातो, पण किनाऱ्याची सर्वाधिक हानी तेथेच होते. सुटे शौचपात्र वापरणाऱ्यांनी ते केवळ शौचालयातच रिकामे करावे, आणि जंतुनाशक रसायन घातलेले असल्यास यजमानास तसे आधी सांगावे, कारण असे रसायन घराच्या मैलाटाकीतील उपयुक्त जिवाणू मारते. भांड्यांचे पाणी खाडीत, विहिरीजवळ किंवा पुळणीवर ओतू नये. सुका कचरा दोन पिशव्यांत साठवून दापोली शहरात किंवा परतीच्या गावी द्यावा; लहान ग्रामपंचायतींकडे त्याची विल्हेवाट लावण्याची पुरेशी साधने नसतात.

मार्ग : वेसवी ते दाभोळ

हा संपूर्ण पट्टा शंभर किलोमीटरच्या आतबाहेर भरतो, आणि म्हणूनच तो एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात रस्ता सारखा समुद्रावरून सड्यावर चढतो आणि पुढच्या खाडीशी पुन्हा उतरतो; भरलेल्या व्हॅनने उतारावर खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आधारे, ब्रेक तापू न देता यावे लागते. रोज वीस-पंचवीस किलोमीटर आणि चार मुक्काम ही या मार्गाची नैसर्गिक गती आहे.

मुंबईहून वा पुण्याहून माणगावमार्गे हरिहरेश्वराजवळच्या बागमांडला येथे यावे आणि तेथून सावित्री नदीची खाडी वाहने वाहणाऱ्या फेरीबोटीने, जिला कोकणात जंगलजेटी असेही म्हणतात, ओलांडून मंडणगड तालुक्यातील वेसवीस उतरावे. ओहोटीच्या वेळी बोट खाली बसते आणि धक्क्याची उतरण तीव्र होते, त्यामुळे मागील चाकांमागे लांब भाग असलेल्या व्हॅनचा तळ घासण्याचा धोका असतो. पाणी मध्यम असताना चढावे, आणि बोटीवरील कर्मचाऱ्यांना वाहनाची लांबी आधी दाखवावी.

पहिला मुक्काम भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या केळशीस करावा. तेथील घुमटाकार महालक्ष्मी मंदिर आणि समुद्रकाठची वाळूची मोठी टेकडी प्रसिद्ध आहे. या टेकडीच्या थरांचा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी अभ्यास केलेला असल्याने तिच्यावर चढून उतार ढासळविणे म्हणजे न वाचलेली पाने फाडणे होय. दुसऱ्या दिवशी आड्यावरून आंजर्ल्यास जावे. डोंगराच्या कडेवरील कड्यावरचा गणपती हे येथील श्रद्धास्थान असून तेथून जोग नदीची खाडी, समुद्र आणि दूरवरचा सुवर्णदुर्ग एका नजरेत येतो.

तिसऱ्या दिवशी हर्णै. येथील सुवर्णदुर्ग हा जलदुर्ग मराठा आरमाराच्या इतिहासात अग्रभागी असून एप्रिल १७५५ मध्ये इंग्रज नौदलाधिकारी विल्यम जेम्स याने पेशव्यांशी झालेल्या सहकार्याच्या आधारे तो तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांपैकी तो एक आहे. काठावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा किल्ला हे त्याचे जोडकिल्ले आहेत. किल्ल्यावर जाणारी होडी जीवरक्षक जाकीट देत असेल तरच चढावे. हर्णै बंदरातील सायंकाळचा मासळीचा लिलाव पाहताना वाहन बंदरापासून दूर लावून चालत जावे, कारण त्या अरुंद जागेत बर्फाचे टेम्पो, हातगाड्या आणि टोपल्या घेतलेल्या बाया यांची प्रत्येक मिनिटाला कमाई चाललेली असते. दोघांपुरते मासे हवे असल्यास लिलावात बोली न लावता बाजूस बसलेल्या कोळिणींकडून एखादा वाटा घ्यावा आणि तो तेथेच साफ करून मागावा. व्हॅनमधील मर्यादित पाण्यात मासे धुणे परवडत नाही.

लगतचे मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. नकाशा लावताना रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा निवडले जाऊन प्रवासी भलतीकडे गेल्याचे प्रकार घडतात, तेव्हा दापोली तालुक्यातील मुरुड याची खात्री करावी. पुढे कर्दे, लाडघर, बुरोंडी या ओळीने जात चौथा मुक्काम कोळथऱ्यास करता येतो. लाडघरच्या पाण्यास खडकामुळे तांबूस झाक दिसते, म्हणून त्या किनाऱ्यास तामसतीर्थ म्हणतात. शेवटच्या दिवशी वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ हे प्राचीन बंदर पाहून, २००३ पासून चालू असलेल्या फेरीबोटीने धोपाव्यास उतरून गुहागरकडे जाता येते, किंवा दापोलीमार्गे खेडला येऊन मुंबई-गोवा महामार्ग धरता येतो. सवड असल्यास दाभोळहून परतताना पन्हाळेकाजीची २९ लेणी पाहावीत.

कासवांचा किनारा

नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे वेळास, आंजर्ले, कोळथरे आणि आसपासच्या किनाऱ्यांवर अंडी घालण्यास येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला संरक्षणाचे काम सुरू केले आणि ग्रामस्थांच्या सहभागातून ते इतर गावांत पसरले. मादी रात्री येऊन वाळूत दीड फुटाचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात.

वाहनाचा या जिवाशी संबंध किती थेट आहे, हे एका पिल्लाच्या मापावरून समजते. नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची पाठ सुमारे चार सेंटिमीटर लांब असते. व्हॅनच्या चाकाने मऊ वाळूत केलेली चाकोरी त्याहून कितीतरी खोल असते. समुद्राकडे निघालेले पिल्लू तीत पडले की पुढचा काठ त्यास भिंतीसारखा होतो, आणि ते चाकोरीच्या लांबीने चालत राहते. तोपर्यंत ऊन चढते, कावळे येतात. शिवाय पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने जात असल्याने रस्त्याकडेला लावलेले पांढरे दिवे त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे ओढतात. म्हणून किनाऱ्याकडील पडदे रात्री बंद ठेवावेत, बाहेरचे दिवे लावू नयेत, आणि पिल्ले सोडण्याचा सोहळा पाहायचा असल्यास फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत कासवमित्रांकडे, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांकडे, विचारणा करून, त्यांनी आखलेल्या दोरीमागे उभे राहून तो पाहावा.

दोघांची जबाबदारी

इतक्या लहान जागेत दोन माणसांचे जमते ते कामांच्या स्पष्ट वाटणीमुळे. अरुंद गल्लीत एकाने वाहन चालवावे व दुसऱ्याने उतरून पुढे चालत मार्ग पाहावा. मागे घेताना उतरलेल्याचाच शब्द अखेरचा मानावा. रोज सायंकाळी दोघांनी मिळून तिथी, दुसऱ्या दिवशीची भरती, पाण्याची पातळी, बॅटरी आणि इंधन या पाच गोष्टी वहीत लिहाव्यात. इंधन दापोलीतच भरून घ्यावे, कारण किनाऱ्यावर पंप विरळ आहेत. दोघांनाही वाहन चालविता येणे हा सुरक्षिततेचा भाग आहे, एकाचा पाय मुरगळला तरी प्रवास थांबत नाही. खाडीच्या मुखाशी पोहू नये, कारण ओहोटीची ओढ तेथे सर्वांत जोरकस असते. तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांक लिहून ठेवावेत. घरी परतल्यावर पहिल्याच दिवशी वाहनाचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, कारण खाऱ्या वाऱ्याचा थर न दिसता लोखंड खात राहतो.

असे दांपत्य कोळथऱ्याच्या अंगणातून सकाळी सातला निघते, तेव्हा मागे टायरचा ठसा केवळ अंगणाच्या मातीत उरलेला असतो आणि पुळणीवर दोघांची पावले असतात. ती पुढच्या भरतीत पुसली जातात. यजमान फाटकापाशी येऊन पुढच्या हंगामात केव्हा येणार असे विचारतात, आणि परवानगीने आलेल्या पाहुण्यास या किनाऱ्यावर मिळणारे हे सर्वांत मोठे आमंत्रण आहे.